पुरूला कुणी विचारले?

वि. स. खांडेकरांनी कोल्हापुरात राहून लिहिलेली ‘ययाति’ १९५९ साली आली. मराठीला मिळालेल्या पहिल्या ज्ञानपीठाशी तिचे नाव कायमचे जोडले गेले, आणि भोगवादावरचे भाष्य म्हणून ती आजवर वाचली गेली. मला मात्र ती विज्ञानकथांच्या कपाटात ठेवावीशी वाटते. तिच्यात यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. पण एका म्हाताऱ्याला तारुण्य हवे आहे आणि ते एका तरुणाच्याच अंगातून काढावे लागणार आहे. अमरत्वावरच्या बहुतेक डिस्टोपिया याच व्यवहारावर उभ्या आहेत.

मूळ महाभारतातला हिशेब तर आणखी रोखठोक. यदू, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनू या ययातीच्या चार मुलांनी बापाचे म्हातारपण घ्यायला नकार दिला. त्यांना शाप मिळाले. सर्वांत धाकटा पुरू हो म्हणाला. त्याला राज्य मिळाले. बाप हजार वर्षे तरुण राहिला. एवढी जगावेगळी गोष्ट घडूनही घरातला नियम तसूभर हलला नाही: वडिलांचा शब्द मोडला की वारसा गेला.

जोनाथन स्विफ्टने ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये, १७२६ साली, उलटी बाजू मांडली. लगनॅगच्या राज्यात क्वचित एखादे मूल न मरणारे जन्मते. त्याला मरण नाही, पण म्हातारपण चुकत नाही. म्हणून तिथला कायदा असा, की ऐंशी पुरी झाली की माणूस कागदोपत्री मेला. जमीनजुमला वारसांकडे जातो, त्याला पोटापुरते मिळते. नवरा-बायको दोघेही अमर असतील, तर धाकट्याची ऐंशी भरताच लग्नही संपते. नाहीतर सगळा देशच हळूहळू या मंडळींच्या मालकीचा होईल, ही भीती. तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी खेटे घातलेल्या कुणालाही हा कायदा लगेच समजावा!

कुर्ट व्हॉनेगटच्या १९५४च्या एका कथेत तर हे सारे एका फ्लॅटमध्ये घडते. साल २१५८. म्हातारपण थांबवणारे औषध घरोघरी पोचले आहे. १७२ वर्षांच्या आजोबांकडे घरातली एकमेव स्वतंत्र खोली आणि टीव्हीसमोरची उत्तम जागा आहे. बाकीच्या पिढ्या उरलेल्या जागेत दाटीवाटीने झोपतात. कुणी जरा उलट बोलले की आजोबा मृत्युपत्र बदलतात. मला ही कथा भल्याभल्या कादंबऱ्यांपेक्षा सरस वाटते, कारण तिच्यात हुकूमशहा नाही, घरातला वडीलधाराच आहे.

घराबाहेरही रीती बदलतात त्यात माणसांना पटण्याइतकाच माणसे जाण्याचाही वाटा असतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांसाठी वेदमंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला, तो वेदोक्ताचा वाद पंचगंगेवर १८९९ मध्ये सुरू झाला. महाराज १९२२ साली, वयाच्या ४७व्या वर्षी गेले. ते राहिले असते तर, असे कोल्हापूरकराला वाटणारच. पण अमरत्व त्यांना एकट्याला मिळाले नसते. त्यांना विरोध करणारेही आज हयात असते, आणि आपापल्या जागांवर असते.

कोल्हापुरातच जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी ‘पुत्रवती भव’ या कथेत अमरत्वाला हात घातला नाही, पण धोका नेमका ओळखला. हवा तसा मुलगा मिळवून देणारे विज्ञान जुन्या हव्यासाच्या हाती पडले की काय होते, ते त्यांनी दाखवले. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या ८३९. आयुष्य वाढवणारे औषध आले, तर तेही याच घरांत येईल. तिथे कुणाचे आयुष्य आधी वाढवायचे, हे कोण ठरवेल, हे सांगायला नको.

गिरीश कार्नाडांनी कन्नड ‘ययाति’त, १९६१ साली, पुरूची बायको चित्रलेखा उभी केली, नवऱ्याचे म्हातारपण पाहून ती जीव देते. निदान या सौद्याची किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागते, हे तिथे दिसले. खांडेकरांच्या कादंबरीत आपली बाजू सांगायला ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आहेत. पुरू नाही. काझुओ इशिगुरोच्या ‘नेव्हर लेट मी गो’मध्ये (२००५) इतरांना अवयव पुरवण्यासाठी वाढवलेली कॅथी स्वतःच सारे सांगते, आणि त्या कादंबरीचा सगळा दाह तिथूनच येतो. पुढच्या दिवाळीसाठी विज्ञानकथा लिहायला बसणाऱ्यांनी एकदा पुरूला निवेदक करून पाहावे. आणि तो बापाला नाही म्हणाला, तर तेही लिहावे.