आरोग्य विमा घेताना आधी रस्ता बघा : कोकण किनाऱ्यावरच्या कुटुंबांसाठी काही गोष्टी

श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, हर्णै, गुहागर... आपल्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत आता बरीच घरं पर्यटनावर चालतात. कुणाचं होमस्टे, कुणाची खानावळ, कुणाची रिक्षा, तर कुणाचा मुलगा वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवर. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत हातात पैसा खेळतो. पाऊस सुरू झाला की कमाई थांबते, आजारपण मात्र थांबत नाही.

आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे घराघरातली खबर मुलांच्या चेहऱ्यावर आधी दिसते. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या अब्बांना ऐन सीझनमध्ये छातीत दुखू लागलं. रातोरात गाडी करून नवी मुंबईला नेलं. जीव वाचला, अलहम्दुलिल्लाह. पाच लाखांची पॉलिसी होती आणि बिल चार लाखांच्या आत होतं, म्हणून घरचे निश्चिंत होते. पण डिस्चार्जच्या दिवशी सव्वा लाखाहून जास्त रक्कम खिशातून भरावी लागली. मुलाच्या अम्मीने दागिने मोडले, पुढच्या शुक्रवारी मशिदीत मदतीचं एलान झालं. नंतर त्या पॉलिसीचे कागद घेऊन आमच्याकडे आल्या. आम्ही वाचलं तर कंपनीने फसवलं असं काही नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं. वाचलं कुणी नव्हतं.

म्हणून हा लेख.

पहिलं पाऊल : जे फुकट आहे ते आधी तयार ठेवा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डापुरती होती. २०२४ पासून ती पांढऱ्या कार्डासह सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू आहे. कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, हप्ता काही नाही. घरात ७० वर्षांवरचे बुजुर्ग असतील तर ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही.

दोन अटी लक्षात ठेवा. उपचार यादीतलाच हवा आणि रुग्णालयही यादीतलं हवं. साध्या ओपीडीसाठी ही योजना नाही. कोणतं रुग्णालय यादीत आहे ते १५५३८८ या क्रमांकावर विचारता येतं. हे आजारी पडल्यावर नाही, आजच विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

आपल्या घरांत खरी अडचण येते ती नावांची. रेशन कार्डावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मुहम्मद’, शाळेच्या दाखल्यावर ‘मो.’ लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, नवीन बाळाचं नाव कुठेच नाही. अशा फरकामुळे ऐन वेळी काउंटरवर माणसं अडकतात. पावसाळ्यात काम कमी असतं तेव्हा तहसीलला आणि आधार केंद्रावर जाऊन नावं एकसारखी करून घ्या.

मग खासगी पॉलिसी कशाला?

कारण रात्री दोन वाजता माणूस जिथे पोहोचतो ते रुग्णालय योजनेत असेलच असं नाही. ज्यांना परवडतं त्यांनी खासगी विमा जोडीला घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे.

विमा जायज की नाजायज, हा सवाल आपल्याकडे येतोच. उलेमांची मतं एक नाहीत, आणि तकाफुल पद्धतीचा आरोग्य विमा आपल्या देशात बाजारात नाही. याचा फैसला शिक्षकांनी करायचा नाही. आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा, पण विचारताना पॉलिसी कशी चालते आणि घरची परिस्थिती काय आहे, दोन्ही नीट सांगा. ज्यांना विमा घ्यायचा नाही त्यांनीही वरचं पहिलं पाऊल टाकावंच.

झोन : किनाऱ्यावरच्या माणसाने सर्वात आधी बघायची ओळ

काही कंपन्या गावाप्रमाणे हप्ता ठरवतात. मुंबईचा हप्ता जास्त, छोट्या गावाचा कमी. एजंट आपल्याला गावाचा स्वस्त हप्ता दाखवतो आणि आपण खूश होतो. पण अशा काही पॉलिसींमध्ये अट असते की, मोठ्या शहरात उपचार घेतले तर बिलाचा ठरलेला हिस्सा, समजा २० टक्के, रुग्णाने भरायचा. याला को-पे म्हणतात.

आता आपलाच हिशेब करा. ताप, जुलाब, साधं फ्रॅक्चर तालुक्याला बरं होतं. हृदय, मेंदू, कॅन्सर म्हटलं की आपली गाडी माणगाव किंवा महाड मागे टाकून पनवेल-मुंबईच्या रस्त्याला लागते. म्हणजे जिथे बिल मोठं, तिथेच आपला विमा लंगडा. हप्त्यात वाचलेले दोन-तीन हजार एका रात्रीत जातात. त्या विद्यार्थ्याच्या घरी हेच झालं होतं.

म्हणून एजंटला पहिला प्रश्न हा विचारा : “आम्ही राहतो इथे, पण ऑपरेशन मुंबईत झालं तर किती कापणार?” उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कागदावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

खोलीचं भाडं : दुसरा खड्डा

समजा पॉलिसी ३ लाखांची आहे आणि खोलीची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. मुंबईत तुम्ही ६,००० ची खोली घेतली. लोकांना वाटतं, वरचे तीन हजार आपण भरू, बाकी कंपनी देईल. तसं होत नाही. खोली दुप्पट महाग घेतली म्हणून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग यांचे पैसेही निम्मेच मिळतात.

पाच दिवसांचं बिल धरू. खोली ३०,०००, डॉक्टर व ऑपरेशन १,२०,०००, औषधं-तपासण्या ५०,०००. एकूण २ लाख. कंपनी देणार खोलीचे १५,०००, ऑपरेशनचे ६०,००० आणि औषधं-तपासण्यांचे ५०,०००, कारण त्यांवर ही कपात लागत नाही. मिळाले सव्वा लाख, खिशातून गेले ७५,०००. तेव्हा ‘खोलीभाड्याला मर्यादा नाही’ किंवा निदान ‘सिंगल खोली’ असं लिहिलेली पॉलिसी बघा.

बोटीवर काम करणाऱ्या मुलांसाठी

आरोग्य पॉलिसीत साधारणपणे एक वाक्य असतं : साहसी खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेताना झालेली दुखापत विम्यातून वगळली आहे. स्कूबा डायव्हिंगचं तर त्यात नाव घेऊन लिहिलेलं असतं. पॅरासेलिंगच्या बोटीवर पगारी काम करणारा मुलगा जखमी झाला तर वाद इथेच उभा राहतो. पॉलिसी घेताना त्याचं काम ‘मजुरी’ किंवा ‘धंदा’ असं मोघम लिहू नका. खरं काम लिहा आणि अशा दुखापतीचा खर्च मिळेल का ते लेखी विचारा. मालकाने कामगारांसाठी अपघात विमा घेतलाय का, तेही विचारा. विचारायला लाज कसली?

याशिवाय बँकेतून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाने घ्यावी. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख मिळतात. दवाखान्याचं बिल मात्र त्यातून निघत नाही, हे ध्यानात असू द्या.

आजार लपवू नका

आपल्याकडे पन्नाशीच्या घरात शुगर आणि बीपी मेहमान नाहीत, घरचेच झालेत. एजंट म्हणतो, “चाचा, लिहू नका, हप्ता वाढेल.” चाचा कोऱ्या फॉर्मवर सही करतात. पुढे दवाखान्यात डॉक्टर विचारतात, शुगर किती वर्षांपासून? चाचा खरं सांगतात, दहा वर्षांपासून. ते केसपेपरवर येतं आणि क्लेम अडकतो.

खरं लिहिलं तर काय होतं? त्या आजारासाठी थांबावं लागतं. २०२४ च्या नियमांनुसार हा काळ जास्तीत जास्त ३ वर्षे आहे, पूर्वी ४ होता. मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा अशा काही उपचारांसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये २ वर्षे. नवीन पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. म्हणजे विमा तब्येत बरी असतानाच घ्यायचा असतो. सलग ५ वर्षे पॉलिसी चालली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, मात्र सिद्ध झालेली फसवणूक आणि पॉलिसीत कायमचे वगळलेले आजार सोडून.

आखातात नोकरी करणाऱ्यांनाही एक सांगणं. तिथल्या कंपनीचं कार्ड तुमच्यासाठी आहे. गावी असलेल्या अम्मी-अब्बांना आणि मुलांना ते सहसा उपयोगी पडत नाही. आई-वडिलांची पॉलिसी शक्यतो वेगळी घ्या. सगळ्यांना एकाच फ्लोटरमध्ये घातलं तर हप्ता सर्वात वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो, आणि एकाच्या आजारपणात सगळ्यांची रक्कम संपू शकते.

हप्ता कोणत्या महिन्यात?

ही गोष्ट कुणी सांगत नाही. पॉलिसी जुलैत घेतली तर दरवर्षी हप्ता जुलैतच येणार, म्हणजे हात रिकामा असताना. मग उशीर होतो. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, पण त्या मधल्या दिवसांत आजारी पडलात तर पैसे मिळत नाहीत. पॉलिसी पूर्ण तुटली तर थांबण्याचा काळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणून शक्य असेल तर नाताळची गर्दी संपल्यावर, जानेवारीत किंवा मे महिन्यात पॉलिसी सुरू करा.

पॉलिसी हातात आल्यावर

कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत पॉलिसी नापसंत असेल तर परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे मिळतात. त्या ३० दिवसांत घरात शिकलेलं जे कुणी असेल, कॉलेजला जाणारी मुलगी असेल, तिला बसवून या चार ओळी शोधायला सांगा : झोन व को-पे, खोलीभाडं, थांबण्याचा काळ, काय वगळलं आहे. रुग्णवाहिकेचे किती मिळतात तेही बघा. इथून मुंबई म्हणजे शहरातल्यासारखी दहा मिनिटांची वाट नाही.

कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही. विमा नियामकाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.

त्या विद्यार्थ्याच्या अम्मीने यंदा पॉलिसी बदलली नाही. नूतनीकरणाच्या वेळी फक्त मोठ्या शहराचा झोन करून घेतला. हप्ता थोडा वाढला. त्या म्हणाल्या, “सर, तीन दिवसांच्या एका बुकिंगचे पैसे आहेत.” मशिदीतली मदत आपण देतच राहू, ती आपली जबाबदारी आहे. पण ज्या घराला पॉलिसीतली एक ओळ वाचून वाचवता आलं असतं, त्याच्यासाठी एलान करायची वेळ येऊ नये.