वाहनचालकाचे अवधान आणि भ्रमणध्वनी

म्हापशाहून अस्नोडामार्गे डिचोलीस जाताना वाटेत मुळगाव लागते. रस्ता रुंद नाही. कोठे चढ, कोठे वळण, कोठे घराचे अंगण थेट डांबरालाच येऊन भिडलेले. पावसाळ्यात लाल चिखलाचा थर साचतो आणि दुचाकीचे चाक सरकते. अशा रस्त्यावरील वाहतूक जितकी नियमांनुसार चालते, तितकीच, किंबहुना काकणभर अधिक, ती एकमेकांच्या नजरेवर चालते. समोरून येणारा थांबणार की पुढे येणार, शेताकडे निघालेली बाई रस्ता ओलांडणार की कडेलाच उभी राहणार, हे हात किंचित उंचावून अथवा नुसत्या डोळ्यांनी ठरते. हा अलिखित संवाद आपल्या ग्रामीण रस्त्यांचा फार मोठा आधार होता. गेल्या काही वर्षांत तो क्षीण होत चालला आहे आणि त्याचे एक प्रमुख कारण आपल्या सर्वांच्या खिशात आहे.

भारतातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी केले. प्रारंभी हे साधन इतके महाग होते की डिचोली अथवा पेडणे तालुक्यातील रस्त्यांवर त्याचा काही परिणाम होण्याचा प्रश्नच नव्हता. ('भ्रमणध्वनी' हा प्रतिशब्द ज्यांनी रूढ केला त्यांचा हेतू शुद्धच होता, तथापि भ्रमण करीत असतानाच बोलावे, असे जणू नावातच सुचविले गेले.)

डिचोली तालुक्यात हा बदल विशेष ठळकपणे दिसण्यास एक स्थानिक कारण आहे. खनिजवाहू ट्रकांची वर्दळ येथील लोकांच्या अंगवळणी पडली होती. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी थांबल्या. पुढे काही काळ अंशतः चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. डिचोलीच्या खाणीवर पुन्हा काम सुरू झाले ते २०२४ साली. पहिल्या बंदीच्या वेळी स्मार्टफोन मोजक्यांच्याच हाती होता. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि तो घरोघरी पोहोचला. म्हणजे अवजड वाहने रस्त्यावरून दूर होती त्याच कालखंडात चालक आणि पादचारी दोघांच्याही सवयी बदलून गेल्या. परतलेल्या ट्रकला भेटला तो पूर्वीचा रस्ता नव्हे.

पूर्वीचे चालक फार दक्ष होते, असे समजण्याचे कारण नाही. विडी, कॅसेट, क्लीनरशी चाललेल्या गप्पा, हे सारे होतेच. परंतु क्लीनर हा चालकाच्या शेजारी बसलेला दुसरा डोळा होता. वळणावर समोरून वाहन येताना दिसले की तो आपसूक बोलणे थांबवी, प्रसंगी खिडकीबाहेर हात काढून इशारा करी. दूरध्वनीवर बोलणाऱ्या माणसास रस्ता दिसत नाही. वळण आले हे त्यास कळत नाही आणि तो बोलतच राहतो. सहप्रवाशाचे बोलणे आणि दूरस्थ माणसाचे बोलणे यांत हा मूलभूत भेद आहे.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदास सुमारे ११ मीटर अंतर कापते. कोणाचा फोन आहे एवढेच पाहण्यासाठी दोन सेकंद नजर खाली गेली, तर वाहन २२ मीटर पुढे सरकलेले असते. क्रिकेटच्या खेळपट्टीहून हे अंतर थोडे अधिकच आहे आणि ते चालकाने पाहिलेलेच नसते. ब्रेक दाबण्यास लागणारा अवधी त्यानंतर सुरू होतो.

नजर वर आहे, दोन्ही हात हँडलवर आहेत, कानात इयरफोन आहे, मग धोका कोठला, असे पुष्कळ जण विचारतात. हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो, पण टिकत नाही. कॅनडातील टोरांटो येथे अपघात झालेल्या ६९९ भ्रमणध्वनीधारक चालकांचा अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. संभाषणाच्या वेळी अपघाताची शक्यता सुमारे चौपट होते, असे त्यात आढळले आणि हात मोकळे ठेवणाऱ्या उपकरणामुळे ती कमी झाल्याचे दिसले नाही. (त्यांपैकी सुमारे ३९ टक्के चालकांनी अपघातानंतर मदत बोलाविण्यास तोच फोन वापरला, हेही अभ्यासकांनी नमूद केले आहे.) अमेरिकेतील यूटा विद्यापीठाच्या प्रयोगांत असे दिसले की, संभाषणात गुंतलेला चालक समोरच्या वस्तूकडे पाहत असूनही ती त्याच्या मनावर उमटत नाही. डोळा पाहतो, मन पाहत नाही. वाहनाला तोंडी आज्ञा देण्याच्या पद्धतीचीही तेथील संशोधकांनी २०१५ साली तपासणी केली. काही पद्धतींत आज्ञा दिल्यानंतर अवधान पूर्ववत होण्यास २७ सेकंदांपर्यंत वेळ लागला. ताशी ४० किलोमीटर वेगाने तेवढ्या काळात ३०० मीटर अंतर मागे पडते.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातातील संपर्क साधनाच्या वापराचा धोकादायक वाहनचालनात उल्लेखाने समावेश झाला. पहिल्या अपराधास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालकाचे अवधान न ढळता, हे साधन वापरण्यास नियमांनी मुभा दिली आहे. कायदा हाताविषयी बोलतो. मनाचे चलन फाडता येत नाही, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे.

या मुभेचा सर्वाधिक उपयोग व दुरुपयोग पेडणे तालुक्यात पाहावयास मिळतो. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून उड्डाणे सुरू झाली. मोरजी, मांद्रे, हरमलकडे जाणारा पाहुणा भाड्याची दुचाकी घेऊन एका हातात मार्गदर्शक नकाशा धरून निघतो आणि नाक्यावर आपण चुकलो हे कळताच भर रस्त्यात थांबतो. मागून येणाऱ्याची त्रेधा उडते. निघण्यापूर्वी मार्ग पाहून घेणे आणि फोन मागे बसलेल्याकडे देणे एवढ्याने हे टळण्यासारखे आहे. आपले मोटारसायकल पायलट वर्षानुवर्षे वाट विचारून घेत आले. स्थानिक तरुणांतही हेल्मेट व कान यांच्यामध्ये फोन खोचून बोलत जाण्याची रीत रूढ झाली आहे. डोक्याच्या रक्षणासाठी असलेल्या वस्तूचा असा उपयोग कोणाला सुचला असेल, हे कळत नाही.

या सर्व विवेचनात एक बाजू बहुधा निसटते. प्रत्येक संभाषणास दुसरे टोक असते आणि ते टोक सुरक्षित जागी, खुर्चीत बसलेले असते. 'किती खेपा झाल्या' असे विचारणारा ट्रकमालक, 'कोठवर आलात' म्हणणारी घरची माणसे, निरोप आताच हवा असणारे कार्यालय, यांपैकी कोणीही अपघाताच्या नोंदीत येत नाही. फोन उचलला नाही तर रागावतील, ही धास्ती चालकाच्या मनात असते. रोजंदारीवर असलेल्यास तर ती अधिकच असते.

प्रस्तुत लेखकास याचा अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका कार्यक्रमासाठी मुळगावहून जात असता माझा फोन बंद होता. एका सहकाऱ्याने माझी चौकशी करण्यासाठी चालकास फोन केला. चालकाने तो उचलला, 'साहेब शेजारीच आहेत' म्हणून माझ्याकडे देण्यास हात लांब केला आणि त्याच क्षणी डावीकडून छत्री पुढे धरलेला एक शाळकरी मुलगा रस्त्यावर उतरला. वाहन त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेले. मुलाने वळूनही पाहिले नाही. चालकाने गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. तेथे काही घडले असते तर दोष एकट्या चालकाच्या माथी आला असता. निरोप होता तो चहापानाची वेळ अर्ध्या तासाने पुढे गेल्याचा.

त्यानंतर आमच्याकडे दौऱ्यावरील चालकास फोन करण्याची पद्धत बंद करण्यात आली. निरोप प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्यास द्यावा. तो न मिळाल्यास वाहन पोहोचेपर्यंत थांबावे. आरंभी काही निरोप उशिरा पोहोचले आणि थोडी कुरबुरही झाली. चालकाचा फोन आता प्रवासात पुढच्या खणात असतो. तो वाजतो तेव्हा शेजारी बसलेला माणूस नाव वाचून सांगतो आणि गाडी थांबल्यावर चालक स्वतः उलट फोन करतो.