सीट मऊ नको, मापाची हवी

रविवारी सकाळी चौकला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी थोडा वेळ थांबून बघा. पनवेल, नवी मुंबईकडून सायकलस्वारांचे जथे येतात. कुणाला खोपोलीहून बोरघाट चढायचा असतो, कुणी इथूनच डावीकडे कर्जतच्या रस्त्याला लागणार असतो. इर्शाळगडाचा सुळका समोर दिसत असतो, वडे तळले जात असतात. सायकली भिंतीला टेकतात, पण माणसं लगेच बसत नाहीत. टपरीवाल्यानं बाकडं पुढे केलं तरी "नको, उभाच बरा" असं म्हणत कुणी पाय झटकतो, कुणी कंबर मागे वाकवतो. पनवेलहून इथवर साधारण तासाभराचा पल्ला. चुकीच्या सीटवर जांघेत मुंग्या यायला एवढा वेळ पुरतो.

याच रस्त्यावर एरवी कामावर निघालेले कामगार आणि दप्तर पाठीला लावलेल्या शाळकरी मुली सायकलवर दिसतात. त्यांच्या सायकली वेगळ्या, कपडे वेगळे, पण "बसायला दुखतं" म्हटल्यावर सगळ्यांना उत्तर मात्र एकच मिळतं: "होईल सवय." पहिल्या आठवड्याचा जडपणा सवयीनं जातो, हे खरं. बधिरपणा सवयीनं जात नाही आणि जाऊही देऊ नये, कारण ती शरीरानं दिलेली सूचना असते.

ही सूचना येते कुठून, हे कळायला ताठ बसून दोन्ही हात नितंबांखाली घाला. तळहातांना दोन टणक उंचवटे लागतील. ही आपली बैठकीची हाडं. वैद्यकीय भाषेत आसनास्थींचे उंचवटे. शरीराचा भार पेलायलाच ती घडलेली आहेत. त्यांच्या मधला, जननेंद्रियापासून गुदद्वारापर्यंतचा मऊ भाग म्हणजे पेरिनियम. तिथून जननेंद्रियाकडे जाणारी प्युडेंडल नस आणि तिच्या सोबतीनं रक्तवाहिन्या जातात. भार हाडांवर राहिला तर माणूस तासन् तास सायकल चालवतो. तो मधल्या भागावर आला की नस चेंगरते, रक्त कमी पोचतं आणि मुंग्या येतात. सीटचं सगळं शास्त्र भार हाडांवर ठेवण्याचं आहे.

इथेच मऊ सीट फसवते. दुकानात अंगठा दाबून बघितलं की जेलची जाड गादी छान वाटते. पण अंगठा म्हणजे माणूस नव्हे. साठ-पासष्ट किलोचा माणूस बसला की टोकदार हाडं गादीत रुततात, बाजूचा मऊ भाग वर उचलला जातो आणि नेमका पेरिनियमला भिडतो. भिजवलेल्या कणकेच्या गोळ्यात दोन बोटं खुपसून पाहा, मधली कणीक कशी वर येते ते दिसेल. जर्मनीत कलोनच्या संशोधकांनी २००२ मध्ये निरनिराळ्या सीटवर बसलेल्या पुरुषांच्या जननेंद्रियातला ऑक्सिजन मोजला. अरुंद पण जाड गादीच्या सीटवर तो सरासरी ८२ टक्क्यांनी घसरला. रुंद, गादी नसलेल्या चामड्याच्या सीटवर घसरण ६४ टक्क्यांच्या आसपास होती, तर पुढचं नाक नसलेल्या रुंद सीटवर सुमारे २० टक्के. म्हणजे जाड गादीपेक्षा रुंदी आणि आकार जास्त उपयोगी पडले.

आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलची सीट आठवा. रुंद चामडं, खाली जाडजूड स्प्रिंगा. पुढच्या-मागच्या टोकांत ताणलेलं ते चामडं वर्षानुवर्षं बसून त्या माणसाच्या हाडांच्या बेताचं होई. इंग्लंडच्या ब्रूक्स कंपनीनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ केलेली ही रचना आजही बनते. दूधवाले, पोस्टमन दिवसभर अशा सीटवर बसत. कारण ते ताठ बसत, आणि ताठ बसणाऱ्याला रुंद सीटच लागते. ओटीपोटाखालची हाडं खालून पाहिली तर झुलत्या खुर्चीच्या कमानींसारखी असतात: मागे एकमेकींपासून लांब, पुढे जवळ येत जाणारी. ताठ बसलं की भार मागच्या, लांबच्या टोकांवर पडतो. पुढे वाकलं की माणूस कमानीवर पुढे झुलतो आणि भार जवळच्या भागावर येतो. म्हणून शर्यतीच्या सायकलची सीट अरुंद. आजोबांची सीट शर्यतीच्या सायकलवर आणि शर्यतीची सीट बाजारहाटाच्या सायकलवर, दोन्ही जाचतात.

आपली रुंदी किती, हे घरीच मोजता येतं. कुरिअरच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा लाकडी स्टुलावर ठेवा, पातळ कपड्यांत त्यावर बसा, पाय थोडे उचलून गुडघे छातीकडे घ्या आणि मिनिटभर थांबा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. तिरपा उजेड पाडला तर स्पष्टच. त्यांच्या मध्यांमधलं अंतर बहुतेकांत १० ते १५ सेंटिमीटर भरतं. सीटचा मागचा भाग याहून दोन-तीन सेंटिमीटर रुंद हवा, ताठ बसणाऱ्याला आणखी थोडा. माणसाच्या जाडीवरून या अंतराचा अंदाज बांधता येत नाही. मी अगदी किरकोळ अंगाच्या माणसाचे खळगे एका धिप्पाड माणसापेक्षा लांब पडलेले पाहिले आहेत.

स्त्रियांमध्ये हे अंतर सरासरीनं जास्त असतं, आणि दुखण्याबद्दल बोलायचा संकोच तर फारच जास्त. हँडल सीटपेक्षा खाली असेल तर स्त्रियांच्या पेरिनियमवरचा दाब वाढतो आणि संवेदना घटते, असं अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं. उपाय साधा आहे: हँडल सीटच्या पातळीला किंवा थोडं वर घ्यायचं. पण बाईनं "दुखतं" म्हटल्याशिवाय हे कोण करणार?

दुसरी समजूत उंचीची. "बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत" म्हणून सायकलच्या दुकानात सीट पार खाली दाबून दिली जाते. शिकणाऱ्या लहान मुलासाठी ते योग्यच आहे. पण तोल जमल्यावरही सीट तिथेच राहिली, तर प्रत्येक पॅडलला गुडघा जास्त वाकतो, वाटीवर ताण येतो आणि गुडघ्याची पुढची बाजू दुखू लागते. उलट सीट फार उंच झाली तर पाय पुरवण्यासाठी कंबर डावी-उजवीकडे डोलते, सीट घासते आणि गुडघ्यामागची शीर ओढली जाते.

योग्य उंची अशी काढा. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, मांड्यांमध्ये वहीचा पुठ्ठा सीटसारखा घट्ट वर दाबा आणि तिथपासून जमिनीपर्यंतची उंची मोजा. तिला ०.८८३ नं गुणा. ही उंची ७६ सेंटिमीटर असेल तर उत्तर येतं ६७. पॅडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं हे अंतर. पडताळा सोपा आहे: पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा सरळ व्हावा, पावलाचा पुढचा भाग ठेवला की थोडासा, २५ ते ३५ अंशांत वाकलेला राहावा. थांबताना सीटवरून पुढे उतरून एक पाय टेकायचा. ही सवय दोन दिवसांत लागते.

सीटच्या कलाकडे तर कुणी बघतच नाही. गवंड्याची पाणसळ सीटवर आडवी ठेवून पाहा. नाक वर असेल तर ते थेट पेरिनियममध्ये घुसतं. फार खाली असेल तर माणूस पुढे घसरत राहतो, सगळा भार तळहातांवर जातो आणि करंगळीला मुंग्या येतात. सपाट हीच सुरुवातीची जागा. घाटात हे आणखी जाणवतं, कारण चढावर सगळी सायकलच मागे कलते आणि सपाट लावलेली सीटही नाक वर काढते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात; त्या चढावर सीटवरून उठून पॅडल मारणारे स्वार पाहिले आहेत ना? उठण्यानं जोर तर मिळतोच, शिवाय दबलेल्या भागाला पुन्हा रक्त मिळतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये सायकलस्वारांची तुलना पोहणाऱ्या आणि धावणाऱ्यांशी केली. लैंगिक आरोग्यात सायकलस्वार मागे नव्हते, बधिरपणा मात्र त्यांच्यात जास्त होता. आणि एकपंचमांशाहून जास्त वेळ उभं राहून चालवणाऱ्यांत तो बराच कमी होता. सायकलनं पुरुषत्व जातं ही भीती त्यामुळे डोक्यातून काढून टाकावी. बधिरपणा मात्र दुर्लक्षू नये. अमेरिकेत सायकलवर गस्त घालणाऱ्या ९० पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीट दिल्या, तेव्हा बधिरपणा अजिबात न जाणवणाऱ्यांचं प्रमाण २७ टक्क्यांवरून ८२ टक्क्यांवर गेलं.

नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये जोडीनं, आणि लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकेकट्यानं, अमेरिका आरपार ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रॅम' शर्यत पुरी केली. हे चौघेही वैद्यकातले, याचं मला फार अप्रूप वाटतं. एवढ्या पल्ल्यावर नुसती जिद्द पुरत नाही. तळहात, तळपाय आणि बैठक, एवढ्या तीन ठिकाणीच शरीर सायकलला टेकतं, आणि त्यातलं एकही बिघडलं तरी माणूस थांबतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात आणखी एक गोष्ट जपावी लागते. ओली चड्डी, घाम आणि जीन्सची जाड शिवण यांनी कातडी सोलवटते, मग गळू होतं. पॅड असलेली सायकलची चड्डी आत काही न घालता वापरायची असते, आणि घरी आल्या आल्या बदलायची. सायकल बंद ठेवूनही बधिरपणा गेला नाही किंवा लघवीत रक्त दिसलं, तर डॉक्टरांकडे जाण्यात संकोच नको.

राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. आठवीतली मुलगी बारावीपर्यंत उंच होते, सीट मात्र बऱ्याचदा पहिल्या दिवशी होती तिथेच असते. तुमच्या घरी अशी सायकल असेल तर येत्या रविवारी एक पाना घ्या. सीटखालच्या नळीवर आत्ताच्या जागी खडूनं खूण करा, बोल्ट ढिला करा आणि सीट एका वेळी एकच सेंटिमीटर वर घ्या. नळीवर कोरलेली शेवटची खूण बाहेर दिसू देऊ नका. दोन-तीन दिवस तिला चालवू द्या. मग तिच्या आईनं तिला एकटीला बाजूला घेऊन विचारावं, कुठे दुखतंय का.