दहावीचे गणित आणि शिकवणीचा वेग

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात दहावीच्या गणिताची शिकवणी दोन तऱ्हांनी चालते. घरगुती शिकवणीत चार-सहा मुले ओळखीच्या बाईंच्या हॉलमध्ये बसतात. क्लासमध्ये बॅचेस, नोट्स आणि टेस्ट सिरीज असतात. शाळा सकाळ-दुपार अशा दोन अधिवेशनांत भरत असेल, तर शिकवणी उरलेल्या अर्ध्या दिवसात बसवली जाते. आई-वडील दोघेही लोकलने मुंबईला जाणाऱ्या घरात मुलाच्या वहीकडे बघायला रात्रीशिवाय सवड नसते. शिकवणी लावण्यामागे गणिताइतकेच हेही कारण असते.

राज्य मंडळाचा सध्याचा दहावीचा अभ्यासक्रम २०१८ साली आला. गणित भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुणांचा दोन तासांचा पेपर आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असे १०० गुण होतात. उत्तीर्ण व्हायला ३५ लागतात. प्रत्येक पेपरात सात गुण चौकटी भरून कृती पूर्ण करण्याचे असतात. कच्च्या मुलाला शिकवणाऱ्या बाई आधी हेच गुण पक्के करून घेतात, आणि त्यात काही वावगे नाही.

अडचण निराळीच आहे. नववीची परीक्षा संपताच व्हेकेशन बॅच सुरू होते, दिवाळीच्या आगेमागे पोर्शन संपवायचा असतो, मग पूर्वपरीक्षेपर्यंत सराव. या वेगात पुढे जाता येते, मागे वळता येत नाही. मुलाचे गणित मात्र बहुधा दहावीत अडलेलेच नसते. समजा, वर्गसमीकरणात अचल पद −२८ आणि मधल्या पदाचा सहगुणक −३ आहे. ७ आणि ४ ही जोडी मुलाला चटकन सापडते, पण तो ७ आणि −४ घेतो. गुणाकार जुळतो, बेरीज मात्र ३ येते, आणि दोन्ही उत्तरांची चिन्हे उलटतात. अवयव पाडण्याची रीत त्याला येते; कच्ची आहे ती सहावी-सातवीतली पूर्णांकांची बेरीज. अशा मुलाला आणखी वीस वर्गसमीकरणे देऊन फायदा नाही. दोन दिवस संख्यारेषेवर घालवावे लागतात आणि ते लहान गटातच जमते. शिकवणीची खरी पारख इथे होते. चकचकीत जाहिरातीवरच्या टक्केवारीतून हे कळत नाही, कारण तिथे हुशार मुलांचेच फोटो असतात.

भूमितीत पाठांतराचा मोह मोठा. पक्ष, साध्य, सिद्धता हा साचा मुले तोंडपाठ करतात आणि आकृतीतली अक्षरे बदलली की थबकतात. उंची आणि अंतराच्या उदाहरणांतही त्रिकोणमितीपेक्षा चुकतो तो कोन कुठे दाखवायचा हा निर्णय. आकृती मुलाकडूनच काढून घेणे, प्रत्येक पायरीला ‘कशावरून?’ विचारणे, हे वेळखाऊ असले तरी त्याला पर्याय नाही.

कायद्याने, म्हणजे २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ने, शाळेतील शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. केंद्राने जानेवारी २०२४मध्ये राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग सेंटरमध्ये प्रवेश देऊ नये, असे म्हटले आहे. दहावीची बहुतेक मुले याच वयाच्या आसपासची. पण ५०हून अधिक विद्यार्थी असलेल्या ठिकाणालाच या सूचना कोचिंग सेंटर मानतात. बाईंच्या हॉलमधली शिकवणी त्यांच्या कक्षेत येतच नाही.