बोंडअळी, रक्ताचा कर्करोग आणि रोजची गोळी

औषधाला न जुमानणारी अळी म्हणजे काय, हे अमरावती-अकोल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. १९९०च्या दशकात कपाशीवरची हिरवी बोंडअळी फवारणीला दाद देईनाशी झाली. तिच्या अंगातली काही विकरं, म्हणजे एन्झाइम, विष निकामी करू लागली होती. फवारणीतून वाचलेल्या अळ्यांचीच संतती वाढत गेली. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगातही साधारण हेच घडतं, म्हणून मी शेतापासून सुरुवात केली.

मुलांमध्ये जास्त आढळणाऱ्या या कर्करोगाला ‘एएलएल’ म्हणतात. हाडांतल्या मगजात कच्च्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. त्यावरचं एक औषध, ॲस्परॅजिनेज, हे स्वतःच विकर आहे. प्रथिनं बनवायला पेशींना ॲस्परॅजिन लागतं. निरोगी पेशी ते घरीच बनवतात. कर्करोगाच्या बहुतेक पेशी मात्र रक्तातून घेतात. औषध रक्तातला हा साठा संपवतं आणि त्या उपाशी मरतात. पण एखादी पेशी ॲस्परॅजिन बनवणारं विकर वाढवते आणि तगून राहते.

मेथोट्रेक्सेट हे दुसरं औषध पेशीतल्या एका विकराला कुलूप लावतं. पेशीने ते विकरच वाढवलं की कुलपं अपुरी पडतात. याच कुळातलं अमिनोप्टेरिन आंध्रच्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने अमेरिकेत तयार केलं. १९४८ साली सिडनी फार्बर यांनी ते मुलांवर वापरल्याचं जाहीर केलं. आजार हटला, पण थोड्याच काळात उलटला. त्यामुळे आता अनेक औषधं मिळून दिली जातात. एकीतून सुटलेली पेशी दुसरीत सापडावी, हा हेतू.

सुरुवातीचे कठीण महिने सरले की साधारण दोन वर्षं घरी मर्कॅप्टोप्युरिनची गोळी घ्यायची असते. ती पचवणारी विकरं प्रत्येक मुलात सारखी नसतात. काहींत ती जन्मतःच मंद असतात. नेहमीच्या मात्रेनेही त्यांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक इतक्या घटतात. म्हणून वेळोवेळी रक्त तपासून डॉक्टर मात्रा ठरवतात. शेजारच्या मुलाची मात्रा आपल्या मुलाला चालत नाही.

खरी गफलत इथेच होते. केस परत येतात, मूल शाळेत जाऊ लागतं, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. त्यात नागपूर-मुंबईच्या फेऱ्या, बुडणारी मजुरी. गोळी सुटते. शंभरातल्या पाचांहून जास्त गोळ्या चुकल्या, तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासांत दिसलं आहे.

माझी विनंती एवढीच. प्रवास झेपत नसेल, तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगा. रक्ततपासणी अकोल्यात किंवा अमरावतीत करून चालेल का, हे विचारा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. आणि गोळी दिली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेवर फुली मारा.