तिसऱ्या रांगेतून ऐकलेल्या प्रभाताई

मी मिरजेत तंबोऱ्यांना जवारी लावतो. मैफल कुणाचीही असो, माझे कान आधी गाणाऱ्याच्या मागं जातात, शिष्यांनी उभ्या धरलेल्या तंबोऱ्यांकडं. जोडी मिळालेली आहे का, खर्जाची तार भरून बोलते का, हे कळल्याशिवाय मला गाण्यात शिरता येत नाही. डॉ. प्रभा अत्रे यांना उतारवयात जमेल तितक्या वेळा समोर बसून ऐकायचा मी जो ध्यास घेतला, त्याची सुरुवातही तंबोऱ्यापासूनच झाली. त्यांच्या मागचे तंबोरे नुसती साथ करत नसत. प्रभाताई तंबोऱ्यांशी बोलत गात.

बाहेरच्या वाचकाला मिरज आणि प्रभाताई यांचा संबंध चटकन लक्षात येणार नाही. त्यांचं घर पुण्याचं, जन्म १३ सप्टेंबर १९३२ चा. शिक्षण फर्ग्युसनमध्ये विज्ञानाचं आणि नंतर कायद्याचं. आईला बरं नव्हतं, म्हणून मन रमावं यासाठी घरी गाण्याची शिकवणी सुरू झाली. आईची शिकवणी लवकरच थांबली आणि आठ वर्षांची मुलगी मात्र शिकत राहिली, असं त्या स्वतःच सांगत. पुढं त्यांना गुरू मिळाले सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर. ही दोन्ही किराणा घराण्याच्या उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची मुलं. हिराबाईंचा जन्म मिरजेचा. खाँसाहेब उत्तरेतल्या कैराना गावचे, पण स्थिरावले ते मिरजेत. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेत आणून इथल्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात दफन केलं. तिथं उरुसात अजूनही त्यांच्या आठवणीत गाणं होतं. त्यामुळं आमच्या गल्लीत किराण्याचं गाणं म्हणजे घरचं गाणं. खाँसाहेब आपली वाद्यं स्वतः दुरुस्त करत, स्वरात कणभरही फरक चालवून घेत नसत, या गोष्टी माझे चाचा मला कानस हातात धरायला शिकवताना सांगायचे.

जवारी म्हणजे काय, ते इथं थोडं सांगायला हवं, कारण त्याशिवाय मी काय ऐकलं ते सांगता येणार नाही. तंबोऱ्याच्या तबलीवर एक रुंद घोडी असते. तिचा वरचा भाग दिसायला सपाट वाटतो, पण त्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर वरच्यावर टेकत, सुटत थरथरते. तार आणि घोडी यांच्यामध्ये आम्ही सुताचा एक दोरा सरकवतो. तो केसभर पुढं-मागं केला की एका ठिकाणी तार एकदम उमलते आणि तिच्यातून मूळ स्वराबरोबर वरचे कितीतरी स्वर झिरपायला लागतात. चांगल्या लागलेल्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी छेडलेला नसतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. जवारी फार खुली ठेवली तर तार झणझणते आणि गळ्यावर चढून बसते, बंद ठेवली तर मुकी होते. मधली गोल जवारी साधायची तर घोडी घासायची, तार चढवायची, ऐकायचं, पुन्हा उतरवायची, असं करण्यात दिवस जातो.

किराण्याचं गाणं या झिरपणाऱ्या स्वरांवर उभं आहे. या गायकीत शब्द मागं राहतात, लय संथ असते आणि एकेका स्वराला त्याची जागा सापडेपर्यंत वेळ दिला जातो. तंबोरा खोटा असेल तर हे गाणं उभंच राहू शकत नाही.

प्रभाताईंचा मारुबिहाग आणि कलावती आमच्या कारखान्यात कॅसेटवर वाजायचे. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. त्या ध्वनिमुद्रणानं महाराष्ट्रातल्या किती घरांत शास्त्रीय संगीत नेलं असेल, याला मोजमाप नाही. बंदिशी त्यांच्या स्वतःच्या, आणि आज मुली परीक्षेला आणि स्पर्धेला त्याच गातात. मलाही ती कॅसेट पाठ होती, कुठं समेवर येतात, कुठं तान सुरू होते, सगळं. म्हणून पुण्यात एका लहान सभागृहात त्यांना मारुबिहाग गाताना ऐकायला बसलो, तेव्हा मनात तोच जुना आवाज होता. महिना सप्टेंबरचा, बाहेर पाऊस, आणि प्रभाताईंचं वय पंच्याऐंशीच्या पुढं.

पावसाळी हवा तंबोऱ्याची वैरी. भोपळा आणि लाकूड ओल धरतं, तबली हलकीशी फुगते, घोडीची बैठक बदलते. वर मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेनं तारा सैल होऊन स्वर उतरतो. आत नीट मिळवून आणलेली जोडी पाच मिनिटांत हलते. त्या दिवशी तसंच झालं. प्रभाताई बसल्या, शाल सारखी केली, डोळे मिटले आणि काही वेळ गायल्याच नाहीत. मग डावीकडच्या शिष्येकडं जरासं वळून पाहिलं. तिनं जोडीच्या तारेचा मणी किंचित सरकवला. पुन्हा ऐकलं. पुन्हा नजर, आता खर्जाकडं. श्रोत्यांत थोडी चुळबुळ झाली, पण मी तिसऱ्या रांगेत बसून मनातल्या मनात तो मणी त्यांच्याबरोबर सरकवत होतो. ज्या क्षणी माझ्या कानाला जोडी मिळाली असं वाटलं, त्याच क्षणी त्यांनी षड्ज लावला. इतक्या वयात, इतक्या मैफलींनंतरही, जेमतेम केसभर उतरलेल्या तारेसाठी त्या थांबल्या होत्या.

तो षड्ज कॅसेटवरचा नव्हता. आवाजाला काठ आला होता, थोडा कंप होता, पट्टी खाली आली होती. हे लपवायचं कारण नाही आणि त्यांनीही ते लपवलं नाही. तरुण गळा स्वर लावताना त्यावर सरळ जाऊन उभा राहतो. त्यांचा आवाज आता स्वराच्या खालून, हळूच, तंबोऱ्यातून वर येत होता. निषादावरून षड्जाकडं येताना त्या कितीतरी वेळ मध्येच राहिल्या. मारुबिहागात दोन मध्यम आहेत. तीव्र मध्यम रागभर वावरतो आणि शुद्ध मध्यम जपून, क्वचित घ्यायचा असतो. कॅसेटमध्ये तो लवकर येतो, तिथं वेळेचं बंधन होतं. इथं त्यांनी तो इतका वेळ राखून ठेवला की तीव्र मध्यमाची धार कानात भरून गेली, आणि मग एका आलापात शुद्ध मध्यम असा ठेवला की शेजारच्या बाईंच्या तोंडून नकळत ‘अगं आई गं’ निघालं. दाद द्यायचा तो शब्द मी एरवी मैफलीत कधी ऐकला नव्हता, पण त्या वेळी दुसरा कुठला शोभलाही नसता.

वय झालेल्या कलावंताला ऐकायला जाणाऱ्यांना लोक विचारतात, आता त्यांच्यात काय राहिलंय? या प्रश्नानं मला नेहमी त्रास होतो. दमसास कमी होतो, तानेचा वेग उतरतो, हे खरं. पण मैफलीत समोर बसलं की दुसरंच काही दिसतं. दम कमी पडला की गायकाला निवड करावी लागते. कुठल्या जागी श्वास खर्च करायचा, कुठली जागा शिष्येकडं सोपवायची, कुठं नुसता तंबोरा बोलू द्यायचा. प्रभाताई हे सगळं आमच्यासमोर ठरवत होत्या. एखादा आलाप पंचमापर्यंत आणून त्या थांबत, मागची शिष्या तो उचलून वर नेई, आणि ती खाली उतरेपर्यंत प्रभाताईंच्या बोटांची हालचाल त्या आलापाला आकार देत असे. शिष्येनं एक स्वर जास्त घेतला की बोट थांबे. तीही थांबे. हे शिकवणंही होतं आणि गाणंही, आणि ते कॅसेटमध्ये मावणारं नव्हतं.

आता सरगमबद्दल. त्या हा विषय नुसता गात नसत, अभ्यासानं मांडत. त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध सरगमवरच आहे. आकाशवाणीत निर्मातीचं काम केलेली, मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात संगीत विभागाची प्रमुख राहिलेली, पुस्तकं लिहिणारी ही गायिका. त्यामुळं आपण काय करतो आणि का करतो, हे त्या सोप्या मराठीत श्रोत्यांना सांगू शकत. जुन्या जाणकारांत सरगमला नाक मुरडणारे पुष्कळ. सा रे ग म ही स्वरांची नावं, ती उच्चारली की रागाचा हिशेब मांडल्यासारखं होतं, असा त्यांचा आक्षेप. पण अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः सरगम गात, कर्नाटक संगीताचा त्यांच्यावर मोठा संस्कार होता. प्रभाताईंनी ती वाट पुढं नेली आणि सरगमला स्वतःची भावना असते, हे गाऊन दाखवलं.

उतारवयात या सरगमनं त्यांना फार साथ दिली, असं माझं मत आहे. आकाराच्या तानेत गळा अखंड वाहावा लागतो. सरगममध्ये प्रत्येक स्वराला एक अक्षर असतं आणि आवाजाला त्या अक्षरावर क्षणभर पाय टेकता येतो. त्या दिवशी मध्यलयीत त्यांनी सरगम सुरू केली तेव्हा वय कुठल्या कुठं गेलं. ‘ग’ वर कधी टेकायचं, ‘नी’ कुठं नुसता स्पर्शून सोडायचा, तबल्याच्या ठेक्याला कुठं चकवायचं, सगळी बुद्धी लख्ख दिसत होती. तबलजी हसायला लागला. माझ्या पुढच्या रांगेतल्या कॉलेजच्या मुली मांडीवर ताल धरत होत्या आणि प्रत्येक समेला एकमेकींकडं पाहत होत्या.

सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात त्यांना ऐकणं हा वेगळा अनुभव. पंडित भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मृतीसाठी १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे मूळ पुन्हा तेच. पूर्वी रात्रभर गाणं चाले आणि शेवटच्या सकाळी भीमसेनजी गात. २००७ साली ते त्या मंचावर शेवटचं गायले. त्यांच्यानंतर समारोपाचा मान प्रभाताईंकडं आला. दुलया, थर्मास, पिठलं-भाकरीचे स्टॉल, हजारो माणसं, मोठे पडदे. खरं सांगायचं तर एवढ्या मैदानात ध्वनिक्षेपकातून तंबोऱ्याची जवारी मला नीट लागत नाही. तरीही मी जात राहिलो. पाच दिवसांचं गाणं पोटात घेऊन बसलेल्या समुदायापुढं सर्वांत शेवटी बसायचं, आणि सगळे दमलेले असताना त्यांना पुन्हा एका स्वरावर आणायचं, हे काम त्या ऐंशी-नव्वदीच्या वयात करत होत्या. त्या मंचावर येताच पाठीमागचे लोक उभे राहत. त्यांचं गाणं संपल्यावर सवाई गंधर्वांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका लागे आणि महोत्सव संपे.

१३ जानेवारी २०२४ ला त्या गेल्या. त्याच दिवशी मुंबईत त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. वय एक्याण्णव. पद्मविभूषण दोनच वर्षांपूर्वी मिळालेलं. बातमी कळली तेव्हा कारखान्यात एका बायकी तंबोऱ्याची घोडी बसवायला घेतली होती. चाचा आता थकलेत, काम करत नाहीत, पण बाकड्यावर येऊन बसतात. त्यांनी ती घोडी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः घासायला लागले. दुपारपर्यंत त्यांनी ती कुणाला दिली नाही.

माझ्याबरोबर दर वेळी पुण्याला येणारे आमच्या शेजारचे निवृत्त गणिताचे सर आहेत. त्यांना सरगम पटत नाही. मारुबिहागच्या त्या मैफलीनंतर परतीच्या गाडीत आमचा वाद लोणंदच्या अलीकडंच पेटला. सर म्हणाले, ‘आलापात मी रडलो, कबूल. पण सरगम सुरू झाली आणि मी आकडे मोजायला लागलो.’ मी म्हटलं, ‘सर, तुम्ही आयुष्यभर आकडे मोजलेत, त्यात तुम्हाला कधी आनंद झाला नाही का?’ ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. सातारा गेलं. मग माझ्याकडं वळून त्यांनी हलक्या आवाजात ती सरगम म्हणायला सुरुवात केली, जिथं तबलजी हसला होता बरोबर त्या जागेपासून, आणि दुसऱ्याच आवर्तनात अडले. ‘इथं ग होता की प?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं ग. ते म्हणाले, शक्यच नाही, तिथं ग घेतला तर सम हुकते, आणि खिशातून पेन काढून तिकिटाच्या मागं मात्रा लिहायला लागले.