भरतीसाठी पळताय? मग पाणी पिण्याचा आणि खाण्याचाही सराव करा

पहाटे पाचला कुठल्याही फाट्यावर उभं राहा, मोबाईलची बॅटरी लावून पळणारी पोरं-पोरी दिसतातच. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी अग्निवीर, कुणी वनरक्षक, तर कुणी हौसेनं २१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनसाठी. बूट कोणते घेतले, किती राउंड मारले, किती मिनिटं लागली याची चर्चा रोज होते. पण निघण्याआधी पोटात काय होतं आणि वाटेत किती पाणी प्यायलं, हे फारसं कुणी विचारत नाही.

हा विषय किरकोळ समजू नका. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीत उमेदवारांचे जीव गेले होते. त्यानंतर पोलीस शिपाई पदासाठीचं अंतर कमी करण्यात आलं. तरी राज्य राखीव पोलीस दलासाठी ५ किलोमीटर पळावंच लागतं आणि त्याच्या सरावात पोरं १०-१५ किलोमीटर मारतात.

घामातून काय जातं?

पळताना शरीर तापतं आणि घाम ते थंड करतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात जोरात पळणाऱ्याचा तासाला एक लिटर किंवा त्याहून जास्त घाम जाऊ शकतो. घामाबरोबर मीठही जातं. पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो आणि तोच वेग जड वाटू लागतो. ६० किलो वजनाच्या मुलाचं सव्वा लिटरच्या आसपास पाणी गेलं, की वेळेत फरक पडायला सुरुवात होते.

"पळताना पाणी पिऊ नये, पोटात दुखतं" असं जुने लोक सांगतात. यात थोडं तथ्य आहे. एकदम तांब्याभर पाणी ढोसून पळालं तर दुखणारच. म्हणून पाटपाणी नको, ठिबक पाहिजे. थोडं थोडं, पण सतत.

किती आणि कधी प्यावं?

- निघण्याआधी अर्धा-पाऊण तास एक मोठा ग्लास पाणी.
- १६०० मीटर किंवा ५ किलोमीटर पळताना मध्ये पाण्याची गरज नाही. आधी आणि नंतर पुरेसं प्या.
- पाऊण-एक तासापेक्षा जास्त पळणार असाल, तर तहानेकडे लक्ष ठेवून दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट.
- बाटली हातात धरून पळणं जमत नसेल, तर मैलाच्या दगडाजवळ किंवा बांधावर ठेवा आणि तेवढ्याच रस्त्यावर फेऱ्या मारा.

आपल्याला नेमकं किती लागतं ते काट्यावर कळतं. पळण्याआधी वजन करा, आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. समजा ६२ चं ६१ झालं आणि मध्ये अर्धा लिटर पाणी प्यायला होतात, तर दीड लिटर घाम गेला. जेवढे किलो वजन घटलं, त्याच्या दीडपट लिटर पाणी पुढच्या काही तासांत हळूहळू प्या. लघवीचा रंग फिकट लिंबू सरबतासारखा असेल तर ठीक. गडद पिवळा असेल तर पाणी कमी पडतंय.

नुसतं पाणीही घातक ठरतं

दीड-दोन तास पळून फक्त साधं पाणी भरपूर प्यायलं, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी होते, माणूस गोंधळतो, जिवावरही बेतू शकतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांच्या रक्तात सोडियम कमी आढळलं होतं. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी जास्त झालं असं समजा.

यावर महागडी बाटली लागत नाही. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. वर लिंबू पिळा. मीठ अंदाजानं टाकू नका, मोजूनच टाका. ओआरएसची पुडी वापरणार असाल, तर पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात पूर्ण मिसळा. पळून आल्यावर मीठ टाकलेलं ताक उत्तम. रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

उपाशी पोटी किती पळणार?

भाकरी, भात, गूळ यांतली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवतं. हा साठा जोराच्या पळण्यात साधारण दीड ते दोन तास पुरतो. रात्री नीट जेवला नसाल तर त्याआधीच पाय गळतात, डोळ्यांपुढे अंधारी येते.

- आदल्या रात्री भाकरी किंवा भात, डाळ, भाजी. तिखट-तेलकट कमी.
- निघण्याआधी अर्धा तास एक केळं, दोन-तीन खजूर किंवा गुळाचा खडा.
- तासापेक्षा जास्त पळणार असाल, तर पहिल्या तासानंतर दर अर्ध्या तासाला एक केळं किंवा मोठा गुळाचा खडा, सोबत पाणी.
- आल्यावर तासाभराच्या आत पोहे, भाकरी किंवा केळं आणि जोडीला दोन-तीन अंडी, ग्लासभर दूध, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. झिजलेले स्नायू यातूनच भरून निघतात.

हे करू नका

वजन उतरवायला अंगात प्लास्टिक किंवा जाड जर्किन घालून पळू नका. उतरतं ते पाणी, चरबी नव्हे, आणि अंगातली उष्णता कोंडते. टपरीवरची कॅफिनवाली एनर्जी ड्रिंक पळण्याआधी टाळा. दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी घेऊन पळणं किडनीला महागात पडू शकतं.

मैदानावर बाथरूम नाही म्हणून बऱ्याच मुली पाणीच पीत नाहीत. यात दोष मुलींचा नाही, सोय न करणाऱ्यांचा आहे. सराव चालतो तिथे शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं स्वच्छतागृह पहाटे उघडं ठेवायला काय हरकत आहे? सतत दम लागत असेल, थकवा जात नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या.

ही लक्षणं दिसली तर थांबा

पळणारा अडखळतोय, असंबद्ध बोलतोय, अंग भट्टीसारखं तापलंय, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवू नका. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

चाचणीच्या दिवशी

रात्रभर एसटीचा प्रवास, मग उघड्यावर झोप आणि पहाटेपासून रांग. नंबर कधी लागेल याचा भरवसा नसतो. पिशवीत दोन लिटर पाणी, मोजून मीठ-साखर घातलेली एक बाटली, चार केळी, खजूर, शेंगदाण्याची चिक्की घरूनच न्या. रांगेत दर तासाला थोडं खा, दोन-चार घोट प्या. नंबर जवळ आला की खाणं थांबवा. जे सरावात कधी खाल्लं नाही, ते त्या दिवशी खाऊ नका. मित्रानं दिलेली पावडर तर नाहीच नाही. पोट बिघडलं, तर वर्षभराची मेहनत स्वच्छतागृहाच्या रांगेत जाते.

गावातल्या तालमी, मंडळं आणि अकॅडमी चालवणाऱ्यांनी एवढं करावं: मैदानाच्या कडेला एक माठ, मीठ-साखरेचे डबे, मोजायला चमचा आणि एक वजनकाटा ठेवावा. खर्च फार नाही आणि गावची पोरं पळून धडधाकट घरी येतील.